नसलेल्या पायाचा ठणका

१८६६ साली अमेरिकेतील ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात ‘द केस ऑफ जॉर्ज डेडलो’ ही कथा निनावी प्रसिद्ध झाली. यादवी युद्धात दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेल्या माणसाचे ते प्रथमपुरुषी निवेदन. कित्येक वाचकांना ते खरेच वाटले. काही ठिकाणी त्याच्यासाठी वर्गणीही जमली. लेखक होते फिलाडेल्फियाचे मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल. छाटलेला अवयव शाबूत असल्याचा भास होणे, या अनुभवाला ‘फँटम लिंब’ हे नाव त्यांनीच १८७१ साली दिले. म्हणजे नाव रूढ होण्याआधी या दुखण्याला कथा मिळाली, आणि कथेवर विश्वास ठेवणारे वाचकही मिळाले.

असा विश्वास माझ्या थोरल्या काकांच्या वाट्याला लवकर आला नाही. मधुमेहामुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जखम भरली, पण नसलेल्या पायाचा अंगठा रात्री-अपरात्री कुणी पिळावा तसा दुखू लागला. “अहो, पाय आहे कुठे आता तिथे?” काकू म्हणत. त्यांच्या बोलण्यात निष्ठुरता नव्हती, थकवा होता. गोळ्यांनी गुंगी येई, ठणका राहीच. अखेर काका ॲक्युपंक्चर करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले.

जिथे दुखते तिथे टोचायला जागाच नाही! बाईंनी केसासारख्या बारीक सुया उजव्या, धडधाकट पायावर टोचल्या. त्याआधी मात्र त्यांनी विचारले, “कसं दुखतं?” “दुखतं म्हणजे दुखतं,” काका म्हणाले. बाई थांबून राहिल्या. मग एकेक शब्द येत गेला: ठणका, चमक, आग, कळ, मुंग्या. बाईंच्या सांगण्यावरून ते रोज वहीत नोंद करू लागले. ‘आज आग नाही. मुंग्या आहेत.’ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली मांडलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत लावलेली आहेत. काकांना ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांचा कोश घरचाच होता.

काही आठवड्यांनी त्यांना सलग चार-पाच तास झोप लागू लागली. हे सुयांमुळे झाले का? सुई टोचल्याने शरीरातील एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. परंतु या विशिष्ट वेदनेवरील अभ्यास बहुतांशी मोजक्या रुग्णांवरचे आहेत. त्यांतून ठाम निष्कर्ष निघत नाही. सुईचे श्रेय शब्दांना देण्याचा मोह आपल्यासारख्या भाषेच्या माणसांना होणारच. तोही आवरलेला बरा.

शब्दांचे काम वेगळे होते. कल्पित डेडलोवर वाचकांनी विश्वास ठेवला, कारण त्याची वेदना तपशिलाने सांगितलेली होती. काकांची वेदना खरी असूनही तिला तपशील नव्हता, तो वहीने दिला. ती वही एके दुपारी काकूंनी वाचली. त्यानंतर ‘पाय आहे कुठे?’ असे त्यांनी कधी विचारले नाही. ‘आज काय आहे, आग की मुंग्या?’ असे विचारू लागल्या.