कसम नेमकी कोणाची?



सैन्यात भरती झालेल्या पोराची गावात डीजे लावून मिरवणूक निघते. पुढच्या ट्रेनिंगबद्दल मात्र आपल्या वस्त्यांत कोणी बोलत नाही. आम्ही शहादा-तळोद्याकडचे चौघे, तिघे बौद्ध आणि एक भिल्ल, ते ट्रेनिंग करून, पुढची नोकरी पुरी करून आता पेन्शनीवर आहोत. म्हणून लिहितो.

प्रकाशा रस्त्यावर पहाटे धावून गेलो होतो, त्यामुळे धावण्याचा त्रास झाला नाही. त्रास दिला बुटांनी आणि हिंदीने. अहिराणीत विचार करायचा, उस्तादांना हिंदीत उत्तर द्यायचे. तेवढ्यात रगडा सुरू! चूक एकाची, कोलांट्या सगळ्या प्लाटूनला. पण चिखलात पाटलाचा पोरगा आणि भिल्लाचा पोरगा सारखाच माखतो. लंगरच्या रांगेत जात कोणी विचारत नाही. ही समता खरी आहे, ती नाकारणे अप्रामाणिकपणा होईल.

फक्त ती शिटी वाजेपर्यंत टिकते. आमचा सर्वांत वाईट दिवस मंदिर परेडचा. एका वरिष्ठाने धर्म विचारला.

"बौद्ध."

"लद्दाख से?"

"नहीं, महाराष्ट्र से."

"अच्छा, वो वाले!"

एवढेच. शिवी नाही, तक्रार करावी असे काही नाही. भिल्ल मित्राला 'जंगलवाला' नाव पडले होते, तेही म्हणे प्रेमाने. पायाच्या फोडांनी उडाली नव्हती ती झोप त्या रात्री उडाली.

त्याच 'जंगलवाल्या'ने रेंजवर पाचही गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसवल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याला नावाने हाक येऊ लागली. आनंद झालाच, पण माणसाला स्वतःचे नाव मिळवायला पाच गोळ्या का लागाव्यात?

खरा अभिमान वाटला तो कसम परेडला. त्या शपथेत निष्ठा वाहायची असते ती कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारताच्या संविधानाला. ईश्वराचे नाव नको असेल तर गांभीर्यपूर्वक दृढकथन करण्याची सोय त्याच मजकुरात आहे. हे आम्हाला गावात कोणीच सांगितले नव्हते.

आपल्या लोकांनी वर्दी पूर्वीही घातली. १८२५ मध्ये आउट्रमने खानदेशात भिल्ल कोअर उभी केली, ती भिल्लांचे बंड भिल्लांकडूनच मोडायला. महार सैनिक कंपनी सरकारसाठी लढले आणि १८९२ मध्ये त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना, म्हणजे एका निवृत्त सैनिकाला, त्यासाठी अर्ज लिहावा लागला. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तरी निष्ठा राजाचीच होती. राजाने मनात आणले की भरती, मनातून उतरले की घरी. आमची निष्ठा ज्या ग्रंथाला, त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. 'वो वाले' म्हणणाऱ्यानेही त्याच ग्रंथाची शपथ घेतलेली असते, त्याला आठवत नसली तरी.

२०२२ पासून अग्निपथ आले. नोकरी चार वर्षांची, पुढे कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. उरलेले पोरगे एकविशी-पंचविशीत गावी परतणार. तेव्हा हातात पदवी असली पाहिजे, नाहीतर ऊसतोड आहेच.

सध्या भरतीच्या पोरांना सोळाशे मीटर पळवून झाल्यावर आम्ही अर्धा तास बसवतो आणि शपथ वाचायला लावतो. 'वो वाले'ला उत्तर काय द्यायचे, यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहे.