मावळची लेणी आणि घरचा अननस

लोणावळा म्हटले की चिक्की आणि भुशी धरण, एवढीच ओळख आपल्यातील अनेकांना असते. आम्ही मात्र वाचकांना एक स्टेशन अलीकडे उतरायला सांगू. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघावे आणि मळवलीला उतरावे. एका बाजूला भाजे लेणी, दुसऱ्या बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडून कार्ले. वाटेत देहूरोड लागते. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. म्हणजे एका लोकलच्या तिकिटात दोन हजार वर्षांचा इतिहास पाहून होतो.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील. कार्ल्याचे चैत्यगृह हे भारतातील डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठे. छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. भिंतीवरील आणि खांबांवरील लेख मुलांना अवश्य दाखवावेत. तेथे राजांबरोबर सुतार आणि सुगंधी द्रव्ये विकणारा गंधी यांचीही नावे आहेत. हाताने काम करणाऱ्यांची ही नावे दगडात टिकली. याच लेखांत ‘मामाड’ असे नाव येते. तेच आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. लेण्यातील भिक्खूंच्या निर्वाहासाठी उषवदाताने एक अख्खे गाव दान दिल्याचाही उल्लेख आहे. संघ झाला तरी पोटाची सोय आधी लावावी लागते, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते.

आता आपल्या पोटाच्या सोयीकडे येऊ. आमच्या वस्तीतील सात-आठ कुटुंबे दरवर्षी ही सहल काढतात. पूर्वी बायका पहाटे चारला उठून पोळ्या लाटायच्या, आणि डोंगर चढताना त्याच सर्वांत थकलेल्या असायच्या. लेणी पाहून खाली उतरले की मुले गाडीवरच्या अननसाच्या कापांसाठी हट्ट धरायची. लाल मसाला लावलेले काप दिसतात छान, पण उघडे ठेवलेले, माश्या बसलेले, कोणत्या पाण्याने धुतले ते कळायला मार्ग नाही. पावसाळ्यात असे काप खाऊन पोट बिघडले की सहलीच्या खर्चापेक्षा दवाखान्याचा खर्च मोठा. शिवाय चार-पाच जणांच्या कापांचे पैसे मोजले, तर त्यात अख्खे फळ येते. म्हणून गेल्या काही वर्षांत आम्ही ठरवले की लोणावळ्याच्या बाजारातून अख्खे अननस घ्यायचे, घरी आणायचे, आणि सोलायचे काम पुरुषांनी करायचे.

अननस हे काही मावळचे पीक नव्हे. मावळ भाताचा, वडगावच्या भात संशोधन केंद्राचा इंद्रायणी तांदूळ सर्वांना माहीत आहे. उन्हाळ्यात ठाकर आणि कातकरी भगिनी पाटीत करवंदे, जांभळे घेऊन बसतात; घासाघीस न करता त्यांच्याकडूनही वाटाभर घ्यावीत. अननस येतो तो बहुधा केरळातून. तेथील वाळकुळमच्या अननसाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या सिंधुदुर्गातही बागांमध्ये तो लावतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारतात आणला, आणि ‘अननस’ हे नावही तिकडच्या आदिवासींच्या भाषेतून त्याच्याबरोबर आले.

फळ घेताना बुडाशी वास घ्यावा. गोड वास आला तर घ्यावे, आंबूस आला तर सोडावे. तोडल्यानंतर अननस मऊ होतो, पिवळा होतो, पण गोड होत नाही. त्यामुळे ‘घरी पिकेल’ म्हणून हिरवा घेऊ नये.

प्रथम फळ धुवावे. शेंडा व बूड कापून फळ ताटात उभे ठेवावे आणि वरून खाली साल काढावी. डोळे एकेक कोरत बसू नये. नीट पाहिल्यास ते तिरक्या रांगेत असतात. त्या रांगेने दोन्ही बाजूंनी सुरी घालून पन्हाळीसारखी खाच काढली की सर्व डोळे एकदम निघतात आणि गर वाया जात नाही. फोडी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवल्या की जिभेला चुणचुण कमी लागते.

ही चुणचुण अननसातील ब्रोमेलिनमुळे येते. ते प्रथिने तोडते. म्हणून बुद्ध पौर्णिमेच्या खिरीत कच्च्या फोडी टाकू नयेत. दूध फाटते, कडवट लागते. फोडी आधी साखरेत शिजवाव्यात. उष्णतेने ब्रोमेलिनचा जोर जातो. हाच गुण मटणाला उपयोगी पडतो. जून मटण असेल तर दोन चमचे ताजा रस चोळून अर्धा तास ठेवावे. लवकर शिजते, रॉकेल-गॅस वाचतो. जास्त वेळ मात्र ठेवू नये, मटणाचा लगदा होतो.

शिऱ्यासाठी एक वाटी बारीक फोडी पाऊण वाटी साखरेत मऊ होईपर्यंत शिजवाव्यात. अर्धी वाटी तुपात एक वाटी रवा खमंग भाजावा, दोन वाट्या उकळते पाणी घालावे, रवा फुलल्यावर फोडी पाकासह घालून वाफ आणावी. चिमूटभर मीठ विसरू नये. घरात मधुमेह असेल त्यांनी शिऱ्याऐवजी दोन-चार ताज्या फोडीच घ्याव्यात.

स्वच्छ धुतलेली साल आणि मधला दांडा फेकू नये. आले व गूळ घालून पाण्यात वीस मिनिटे उकळावे, गाळावे, गार करावे. सहा-सात जणांचे सरबत होते.

आणखी एक. सून गरोदर असली की तिच्या हातातून अननसाची फोड काढून घेणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पिकलेला अननस नेहमीसारखा खाल्ल्याने गर्भ पडतो, याला पुरावा नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे, शेजारणीला नव्हे. खाण्यापिण्यातली भीती बहुधा घरातील बाईच्याच ताटावर येऊन बसते.

यंदा सहलीला जाल तेव्हा लेण्यांत काही खाऊ नये, सालपटे, पिशव्या टाकू नयेत. जेवण डोंगराखाली करावे. परतताना दोन कुटुंबांत मिळून एक अननस घ्यावा. घरी आल्यावर सुरी घरातील पुरुषाने हाती घ्यावी, आणि मुलांनी कापलेला शेंडा जुन्या डब्यात मातीत लावावा. तो मुळे धरतो. फळ यायला दीड-दोन वर्षे लागतात; तोवर मुलांना आणखी एकदा कार्ले दाखवून होईल.