गच्चीवरचं घरटं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहून झालं नाही. 2025 च्या मार्चअखेरीस आई आमच्याकडे आली, सहा महिने राहिली आणि सप्टेंबरात परत गेली. तेव्हापासून ही गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहून टाकते. दादा, तू वाचशीलच. वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस, थोडा वेळ जाऊ दे.

तर गोष्ट आहे गीजची. कॅनडा गूज म्हणजे काळ्या लांब मानेचा, गालावर पांढरा पट्टा असलेला दांडगा पक्षी. आई त्यांना हंस म्हणते, नवरा 'ते गुंड' म्हणतो. आम्ही व्हँकुव्हरला फॉल्स क्रीकच्या काठाजवळ राहतो. इथून सनसेट बीच, इंग्लिश बे करत पार स्टॅनले पार्कपर्यंत पाण्याच्या कडेनं चालत जाता येतं. घर घेतलं ते या रस्त्यासाठीच. पण वसंत ऋतू लागला की त्या रस्त्यावर मान खाली घालून चालावं लागतं, कारण पावलागणिक हिरवट लेंड्या! एक गूज दिवसाला अर्धा-एक किलो घाण करते म्हणतात. गवतावर चटई टाकून बसायची सोय नाही. पोरांच्या हातातलं सँडविच ओढून नेतात. पिल्लं असली की अंगावर धावून येतात, फिस्स करून.

चूक त्यांची नाही म्हणा. पाण्याला लागून कापलेलं, खत-पाणी घातलेलं कोवळं गवत म्हणजे त्यांना वाढलेलं ताट. चारी बाजूंनी मोकळं, कोणी आलं तर दिसतं, दोन ढांगांत पाण्यात उतरता येतं. बागा आपण आपल्यासाठी केल्या, पण त्यांना विचारून केल्या असत्या तरी अशाच झाल्या असत्या.

आणि हे गीज मुळात इथले नव्हेतच. 1960-70 च्या दशकांत सरकारी वन्यजीव खात्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून ब्रिटिश कोलंबियाच्या या दक्षिण भागात सोडले. शिकारीला मिळावेत, लोकांना बघायला मिळावेत म्हणून. तेव्हा गीज कमी झाले होते. त्यांची सगळ्यात मोठी जात तर नष्टच झाली असं समजत होते, ती 1962 साली मिनेसोटातल्या रोचेस्टरला एका तळ्यावर पुन्हा सापडली. कुठं उडून जायचं हे पिल्लं आईबापांबरोबर उडून शिकतात. उचलून आणलेल्यांना ते शिकवायला कोणी नव्हतं. मग ते इथेच राहिले आणि वाढले. आमच्या इमारतीतल्या एक बाई एकदा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "बाहेरून आले आणि गेलेच नाहीत." मी आपली मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले :)

आपल्याकडे भिगवणला हिवाळ्यात पट्टकादंब येतात तेव्हा आपण पहाटे उठून, नाव ठरवून, कॅमेरे घेऊन बघायला जातो. तेही गीजच. पण ते वेळेवर परत जातात ना. पाहुण्यांचं कौतुक असतं ते त्यासाठीच.

असो. आई आली ती बाबांना जाऊन पाच महिने झाल्यावर. दिवसभर काय करणार? पहिल्याच आठवड्यात पोळीचे तुकडे पदरात घेऊन समुद्रावर गेली. मी ऑफिसातून आले तर आई बाकावर आणि पुढ्यात तीस-चाळीस गीज! मी धावतच गेले. इथे बागेत वन्यप्राण्यांना खायला घातलं तर 500 डॉलरपर्यंत दंड होतो.

"पाचशे म्हणजे आपले किती?"

"तीस हजार."

आईनं उरलेले तुकडे मुकाट्यानं पिशवीत घातले. दादरला राहत होतो तेव्हा दर रविवारी बाबा आणि ती कबुतरखान्यावर ज्वारी टाकायला जायचे. ते पुण्य होतं, इथं तोच गुन्हा झाला. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले तिला.

एप्रिलमध्ये आमच्या चौथ्या मजल्यावरच्या सामाईक गच्चीत, मोठ्या कुंडीत, एका गूजनं घरटं केलं. शहरात हे नवीन नाही, छपरांवर आणि बाल्कन्यांत त्या सर्रास बसतात. पाच अंडी. मादी एकटीच बसते, 28 दिवस, खाणंपिणं जवळजवळ बंद. नर कठड्यावर पहारा देतो. गच्चीचं दार आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतून दिसतं. आईला काम मिळालं. सकाळचा चहा घेऊन ती खिडकीशी बसायची. बरोबर आणलेल्या कालनिर्णयवर तिनं गूज बसली त्या 15 एप्रिलवर गोल केला आणि 28 दिवस मोजून 13 मे वर दुसरा.

आता माझी बाजू. त्या वर्षी इमारतीच्या कमिटीची सेक्रेटरी मी होते (कमिटी, मीटिंग, भांडणं सगळं अगदी आपल्या सोसायटीसारखंच). नरानं दोघांना चावायला धरलं, गच्ची बंद करावी लागली, तक्रारी माझ्याकडे. व्हँकुव्हरचं पार्क बोर्ड 2021 पासून लोकांना सांगतंय की इमारतींवर घरटी दिसली तर कळवा. शहरात सुमारे साडेतीन हजार गीज आहेत असा तेव्हा त्यांचा अंदाज होता. कळवलं की परवाना असलेली माणसं येतात आणि अंड्यांना मक्याचं तेल चोळून जातात. कवचाला बारीक छिद्रं असतात, ती बुजतात, आत हवा जात नाही. अंडं उबत नाही. उचलून का नेत नाहीत? कारण अंडी गेली की मादी पुन्हा घालते. असली की बसून राहते. हे सगळ्यांत दयाळू समजलं जातं आणि इतर उपायांच्या मानानं ते आहेही. 2009 साली न्यूयॉर्कला विमानाच्या इंजिनांत गीज शिरले आणि ते हडसन नदीत उतरवावं लागलं, त्यानंतर तिथल्या बागांमधले गीज मारले गेले. 2019 मध्ये डेन्व्हरनं बागांमधले सोळाशेहून जास्त गीज पकडून मारले आणि मांस गरजू कुटुंबांना वाटलं. जून-जुलैत पिसं गळून महिनाभर त्यांना उडता येत नाही, तेव्हा नुसतं हाकत नेता येतं. कुठं कुत्री सोडतात, कुठं कुंपणं घालतात. त्या मानानं मक्याचं तेल...

शिवाय चौथ्या मजल्यावर पिल्लं निघाली असती तर दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या ओढीनं खाली उड्या मारतात. खाली रस्ता आहे, बसचा.

हे सगळं मी स्वतःला समजावलं आणि ईमेल पाठवला. चूक केली असं मला आजही वाटत नाही. चूक पुढे आहे.

माणसं 22 एप्रिलला येणार होती. त्या सकाळी मी नवऱ्याबरोबर आईला मेन स्ट्रीटच्या पंजाबी मार्केटला धाडलं. कढीपत्ता संपलाय म्हणाले. फ्रिजमध्ये दोन जुड्या होत्या.

दोघंजण आले. एकानं छत्री उघडून नराला अडवून धरलं. दुसऱ्यानं बादलीत एकेक अंडं ठेवून पाहिलं. बुडालं तर आतला जीव अजून लहान असतो, तरंगलं तर उशीर झालेला असतो आणि मग हात लावत नाहीत. पाचही बुडाली. मग त्यानं फडक्यानं एकेकाला तेल लावलं आणि होती तशी परत ठेवली. अगदी हलक्या हातानं, बाळाला लावावं तसं. पाच-सात मिनिटांचं काम. ते गेल्यावर गूज आली, चोचीनं अंडी सारखी केली, अंगाखाली घेतली आणि बसली.

आई कढीपत्ता घेऊन आली. खिडकीतून बघून म्हणाली, "आहे गं बाई जागेवर."

मग रोज हेच. पावसात बसली, उन्हात बसली. "आज वीस झाले." "आज पंचवीस." मी हं म्हणायची. 13 मे आला आणि गेला. आई म्हणाली, थंडी आहे, चार दिवस इकडेतिकडे होतात. तीस झाले. पस्तीस झाले. गूज वाळलेली दिसायला लागली. आईनं एकदाच विचारलं, "पाणी ठेवू का गं? पाण्याला तर दंड नाही ना?" मी नको म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

24 मे ला, चाळिसाव्या दिवशी, भाजी चिरता चिरता मी सांगितलं. खरं म्हणजे तोंडातून निघून गेलं.

आई म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. ती दुपारी जरा उठली होती. अंडी चकाकत होती. आधी नव्हती चकाकत."

आईचं माहेर साताऱ्याकडचं, घरी कोंबड्या. अंडं कसं दिसतं हे तिला मी काय लपवणार होते? म्हणाली, कोंबडी खुडूक बसली की आम्हीही अंडी काढून घ्यायचो, तिला पाण्यात बुडवून काढायचो, म्हणजे खूळ जायचं तिचं. आपल्याला अंडी हवी असायची, तिला पिल्लं. आपल्याच मनासारखं व्हायचं. "पण तिच्यासमोर काढायचो. ती ओरडायची, टोचायची, दोन दिवस फुरंगटून बसायची. मग लागायची चरायला."

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? रोज दिवस कशाला मोजलेस?

"तू सांगशील म्हणून." आणि थोड्या वेळानं, कोथिंबीर निवडता निवडता, "ह्यांच्या वेळीही तुम्ही दोघांनी असंच केलंत."

दादा, हे तुझ्यासाठी. बाबांचा रिपोर्ट आला तेव्हा तू आणि मी ठरवलं होतं, आईला इतक्यात सांगायचं नाही. तिची शुगर, तिचं बीपी. तीन आठवडे आपण तिला 'इन्फेक्शन आहे, उतरेल' सांगत होतो. ती त्यांना पेज करून घालत होती, आज दोन घास जास्त गेले म्हणून मला फोन करून सांगत होती. मी इथून हं म्हणत होते. तेही तिला तेव्हाच कळलं होतं. डॉक्टर तुझ्याशी बोलायला खोलीबाहेर जायचे ना, तेव्हाच. ती म्हणाली, "मुलं एवढं लपवतायत तर त्यांना त्रास नको, म्हणून मी पण गप्प राहिले." म्हणजे त्या तीन आठवड्यांत बाबांशी खरं बोलायचं तिचंही राहून गेलं. आपण तिला जपत होतो आणि ती आपल्याला.

हे ती रागानं बोलली नाही. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

27 मे ला सकाळी कुंडीत गूज नव्हती. अंडी तशीच. ज्यांची अंडी उबत नाहीत असे गीज पुष्कळदा पिसं गळायच्या आधी दूर उत्तरेला उडून जातात, असं वाचलं. ज्यांना इथेच राहायची सवय लागली त्यांना असं उडायला लागतं ते पिल्लं नसली की. मी हे आईला सांगितलं. म्हणाली, "जाऊ दे, तेवढंच फिरणं होईल."

ऑगस्टमध्ये ती इथे असतानाच टीव्हीवर दादरचा कबुतरखाना दिसला. हायकोर्टाच्या आदेशानंतर महापालिकेनं ताडपत्री घालून तो बंद केला होता आणि 6 तारखेला लोकांनी ती ताडपत्री फाडली. मला वाटलं आई हळहळेल. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आजूबाजूला राहणाऱ्यांच्या छातीत जातं ते, हेही खरंच आहे. आम्ही काय, ज्वारी टाकून घरी यायचो." एवढंच. बाबांचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. चहा केला.

आई गेल्यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये मी गच्चीतल्या सगळ्या मोठ्या कुंड्यांवर जाळी बसवायचा ठराव मांडला. खर्चावरून दीड तास भांडण झालं, पण झाला मंजूर. जाळी बसली. आता तिथे कोणालाच घरटं करता येणार नाही. लिफ्टमधल्या बाई खूश आहेत. मला काय वाटतं ते सांगता येत नाही. खिडकीतून रिकाम्या कुंड्या दिसतात.

रविवारी फोनवर आईला सांगितलं, लपवलं नाही.

"हे बरं केलंस," ती म्हणाली. "नाही म्हणायचं तर आधी म्हणावं. बसू दिल्यावर नको."

मग विचारलं, कढीपत्ता मिळतो का गं हल्ली तिकडे?