पाच चमच्यांचा हिशेब

मैत्रिणींनो, वाण्याच्या यादीत महिन्याची साखर किती किलो लिहायची, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण घरातला दहावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी दिवसाकाठी किती चमचे साखर खाते, असं विचारलं तर? तिथे आपण सगळ्याच अडखळतो. कारण त्यातली बरीचशी साखर आपल्या डब्यातली नसतेच.

आमच्याकडे हा प्रश्न नुसता गप्पांपुरता नाही. सासऱ्यांना मधुमेह होता, ह्यांना ऐन चाळिशीत निघाला. मुलगा सोळा वर्षांचा. रोज मुलुंडहून घाटकोपरला कॉलेजात जातो. घराण्यातली ही देणगी त्याच्याही वाट्याला आली असेल, असं धरूनच मी चालते. (साखर खाल्ली की लगेच मधुमेह होतो, असं नव्हे. पण गोड पेयांनी वजन वाढतं आणि वजनाबरोबर धोकाही. दातांचं तर विचारूच नका!)

मग किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असली तर आणखी बरं. आता टक्के घेऊन स्वयंपाकघरात काय करायचं? म्हणून चमच्यात सांगते. दोन हजार उष्मांकांचा आहार धरला, तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरा, झाले पाच चमचे. दुधातली आणि अख्ख्या फळातली साखर यात धरायची नाही. मध, फळांचा रस मात्र धरायचा. आणि हो, गूळसुद्धा! "आमच्याकडे बाई गुळाचाच चहा" असं सांगणाऱ्या शेजारणीला मी हे बोलले, तर दोन दिवस गॅलरीत दिसली नाही.

मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. त्या पत्रकात अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या उष्मांकांपैकी १५ टक्के साखरेतून येतात, असं म्हटलं होतं. आपल्याच हिशेबानं मोजा, पंधरा चमचे होतात!

खोटं वाटतं? सकाळपासून बघा. दोन कप चहा, दोन-दोन चमचे साखरेचा: चार चमचे. सोबत चार ग्लुकोज बिस्किटं. त्यांच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा साखरच असते, म्हणजे आणखी एक चमचा. आठ वाजायच्या आत दिवसाचा कोटा संपला की! माझं माहेर पार्ल्याचं. गाडी स्टेशनात शिरली की बिस्किटांचा गोड वास डब्यात भरायचा. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ साली बंद झाला, पण तो वास अजून नाकात आहे. तेव्हा बिस्किटाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. फक्त ते गोडात मोजा, एवढंच.

पुढे कॉलेज सुटलं की खाऊगल्ली. पाव किलो वजनाचं नव्हे, पाव लिटरचं कोल्ड्रिंक घेतलं तरी पाचेक चमचे. रसवंतीतला उसाचा मोठा पेला त्याच पंगतीतला. टोमॅटो सॉस, दुधात घालायची चॉकलेटी पूड, यांच्या वेष्टनावर 'अ‍ॅडेड शुगर'चा आकडा तेवढा वाचा, चष्मा लावून.

आता मुलांना दटावून काय होणार? घरी गप्प बसतील आणि बाहेर दुप्पट खातील. या वयात भूकही राक्षसी असते. चार वाजता पोटात काही नसलं, की हात बाटलीकडे जातो. म्हणून दप्तरात मी चणे-दाणे, एखादं केळं टाकते. आल्यावर गरम थालीपीठ नाहीतर अंडं. तहानेला पाणी किंवा पातळ ताक. पुरणपोळी, श्रीखंड मात्र मुळीच बंद करू नका. सणाचं गोड सणाला हवंच.

चहातली साखर एकदम तोडली तर बंड होतं. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, जिभेला फारसं कळत नाही. आमच्याकडे दोनावरून सव्वावर आलोय. "आई, साखर काय रेशनवर आणतेस?" असं परवाच ऐकून घेतलं. सव्वाचा एक करायचा आहे, त्यावरून अजून रोज सकाळी वाद चाललाय.