लंगोटांची दोरी

आजोळी बाळ आल्याची बातमी गावाला दोरी सांगायची. अंगणातल्या लिंबापासून गोठ्याच्या मेढीपर्यंत ताणलेल्या काथ्याच्या दोरीवर मळकट पांढरे, फिक्या जांभळ्या नाड्यांचे त्रिकोण फडफडू लागले, की वाटेने जाणारी बाई थांबून विचारायची, "काय झालं गं?" मुलगा की मुलगी, एवढंच विचारायचं उरलेलं असे.

1982 च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ झाला, तेव्हा मी सात वर्षांची होते. आईचं माहेर कराडजवळ, कृष्णाकाठी. आजीने चार महिने आधीपासून जुनी लुगडी बाजूला काढून ठेवली होती. नऊवारी लुगडं दहा-बारा वर्षं नेसलं, धोपटलं, उन्हात तापलं, की त्याचं सूत सायीसारखं मऊ पडतं. नव्या कोऱ्या कापडाचा लंगोट बाळाला लावणं आजीच्या लेखी पाप होतं. एका लुगड्यात किती लंगोट बसतात हे ती न मोजता सांगे. काठ आधी फाडून घ्यायचा, त्याच्या नाड्या व्हायच्या. अंगाचे चौकोन पाडायचे, ते कोपऱ्यावर कोपरा घेऊन दुमडायचे. उरलेल्याची दुपटी, त्यातून उरलेल्याच्या चिंध्या, आणि चिंध्यांनाही घरात काम असे.

दिवसाला वीस-बावीस लंगोट लागत. पहिले बारा दिवस ते धुवायला परटीण येई. सोयर असल्यामुळे तिचं गाठोडं वेगळं, तिने ते उचलायचं ओसरीच्या कडेवरून, आणि तिला मिळायची सुपलीभर ज्वारी, एक नारळ, बारशाला चोळीचा खण. नदीच्या गार पाण्याने तिची बोटं पांढरी, सुरकुतलेली असत. मी तिच्या मागे काठापर्यंत जायची. ती मला म्हणायची, "तुझ्या भावाचं समदं मलाच ठावं बघ, हिरवं झालं का पिवळं झालं." घरात आजीच्या आधी तिला कळायचं की बाळाचं पोट बिघडलंय. पावसाची झड लागली की मग दोरीचा उपयोग नसे. शेगडीत निखारे घालायचे, त्यावर डालगं पालथं टाकायचं आणि त्यावर लंगोट पसरायचे. त्या लंगोटांना ओव्याचा, धुराचा वास येई. आजही ओवा तव्यावर टाकला की मला भूक लागत नाही, भाऊ आठवतो.

आई आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर होती. बाजेखाली शेगडी, शेगडीत बाळंतशेपा आणि वावडिंग, डोक्याला घट्ट फडकं. सव्वा महिना तिने भांड्याला हात लावायचा नाही, पाण्यात हात घालायचा नाही. मला ती कोंडल्यासारखी वाटायची. आई मात्र नंतर अनेकदा म्हणाली, की लग्नानंतरच्या तीस वर्षांत भरपेट झोप तिला त्या दोन बाळंतपणांतच मिळाली. आळिवाची खीर, डिंकाचा लाडू हातात आयता येत होता. आजी याला बाळंतिणीची सोय म्हणायची. ती सोय आजीच्या पाठीवर, मावशीच्या शाळा बुडवण्यावर आणि परटिणीच्या बोटांवर उभी होती, हे मला तेव्हा दिसत होतं, पण समजत नव्हतं.

ही आजी जुन्या वळणाची असूनही आईला बाळंतपणासाठी तिने घरी ठेवलं नाही. कळा सुरू झाल्याबरोबर दुधाच्या टेम्पोत गोधडी अंथरली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिचा स्वतःचा पहिला मुलगा घरात झाला होता. नाळ विळ्याने कापली होती. सात दिवस पोर ठणठणीत, आठव्या दिवशी दूध ओढेना, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. तिला धनुर्वात हा शब्द पुढे कळला, तोवर तिने ते सटवाईच्या माथी मारलं होतं. गरोदरपणी दंडात घेतलेली दोन इंजेक्शनं आणि एक स्वच्छ ब्लेड, एवढ्यावर ते टळलं असतं. भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मान्य केलं, तेव्हा आजी नव्हती. असती तर तिला पेपर वाचून दाखवला असता. "पूर्वी सगळं कसं नैसर्गिक होतं" असं कुणी म्हणालं, की मला तो विळा आठवतो आणि मी विषय बदलते.

माझं बाळंतपण आलं 1999 मध्ये, पुण्यात. तारीख सप्टेंबरच्या शेवटची. गणपती तेराला बसणार होते. डॉक्टरांनी कॅलेंडरकडे बघत सहज विचारलं, "उत्सवात रस्ते बंद असतात, स्टाफ कमी असतो. त्याआधीच घेऊ या का? सगळ्यांच्याच सोयीचं पडेल." सगळ्यांच्या यादीत मीही होते, हे कबूल करायला हवं. नवऱ्याची रजा ठरली असती, आईला कराडहून निघायचा दिवस कळला असता, आणि कळांची मला भीती होतीच. गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी सिझेरियन झालं, साडेसदतीस आठवड्यांवर. मुलगी रडली, पण तिला धाप लागत होती. तीन दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी टाके धरून जिन्याच्या कठड्याला टेकत तिला बघायला जायची. फुप्फुसातलं पाणी ओसरायला कळांची मदत होते, आणि कारण नसेल तर ठरवून करायचं सिझेरियन 39 आठवडे भरल्याशिवाय करू नये, हे पुढे एका दुसऱ्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. त्या सांगत होत्या आणि मला आजीचं वाक्य ऐकू येत होतं. माझी तारीख ठरल्याचं कळल्यावर ती फोनवर ओरडली होती, "सोय बघून पोर येतंय व्हय गं?"

सिझेरियनने जीव वाचतात, यात शंका नाही. माझ्या मामेबहिणीची वार खाली सरकलेली होती, ती आणि तिचा मुलगा आज आहेत ते त्यामुळेच. पण 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी रुग्णालयांत शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसतं, सरकारी रुग्णालयांत चौदा. बाईचं शरीर तर दोन्हीकडे सारखंच. मधल्या तेहेतीसपैकी किती खऱ्या अडचणी आणि किती शुक्रवार, असं माझ्या मनात येतं.

आई लंगोट घेऊन आली होती, आजीच्याच लुगड्याचे. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटला अंगण नव्हतं. बाल्कनीत नायलॉनची दोरी बांधली, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाणी ठिबकतं म्हणून तक्रार केली. धुवायला परटीण नव्हती. आई महिनाभर होती, मग मीच. रात्री अकराला बादली, पहाटे पाचला इस्त्री. तेव्हाची प्रसूती रजा 1961 च्या कायद्याची, बारा आठवडे. मुलगी अडीच महिन्यांची असताना मी कामावर हजर झाले, आणि दुपारी ऑफिसच्या मोरीत उभी राहून दूध पिळून टाकलं. पहिल्या पगाराला मी डायपरचं पाकीट आणलं, लोकांनी सोनं आणावं तसं. एक डायपर फक्त रात्रीसाठी. त्या रात्री मी सलग पाच तास झोपले. डायपरला नावं ठेवणाऱ्यांनी आधी ते पाच तास मला परत द्यावेत.

गंमत अशी, की ही सोय शोधणाऱ्यांत एक आई होती आणि एक आजोबा. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापून लंगोटावर चढवायचं आवरण शिवलं आणि 1951 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे कागदी लंगोटाची कल्पना घेऊन त्या कारखानदारांकडे गेल्या, तर कुणाला ती पटली नाही. मग व्हिक्टर मिल्स या इंजिनिअरवर नातवंडाचे लंगोट बदलायची वेळ आली, आणि 1961 मध्ये पॅम्पर्स बाजारात आला. पुरुषाचा हात एकदा लंगोटाला लागला की शोध लवकर लागतो.

आता माझी लेक आई झालीय. 2024. तिची रजा सव्वीस आठवड्यांची, प्रसूती रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीमुळे. तिने तारीख ठरवू दिली नाही, वाट पाहिली. मात्र कळा वाढल्यावर पाठीतून भूल घेतली. मी बाहेर बसून मनात कुरकुरले, "आम्ही कळ काढली..." आणि मध्येच थांबले, कारण मी तरी कुठे काढली होती? मराठीत कळ म्हणजे वेदना, कळ म्हणजे धीर आणि कळ म्हणजे बटणही. आजीच्या वाट्याला पहिली आली, आईला दुसरी शिकवली गेली, लेकीच्या हातात तिसरी आहे. ती घामाघूम न होता, जावयाचा हात धरून बाळंत झाली आणि तासाभरात तिने मला डोसा मागितला. मला थोडी असूया वाटली, ती जाऊ दे.

लेकीच्या घरी दोरी नाही. दिवसाला सात-आठ डायपर, गुंडाळून बादलीत. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई पंचविशीतल्या. एके दिवशी मला दारात बघून म्हणाल्या, "आजी, पोरीला सांगा, ह्ये पेपरात बांधून वर लाल ठिपका द्या. नायतर आम्हाला उघडूनच बघाय लागतं, ओला का सुका." पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची ही मोहीम कधीची चालवलीय. 2016 च्या घनकचरा नियमांतही असा कचरा नीट गुंडाळून द्यायचं लिहिलं होतं. मी कितीतरी वेळा वाचलं होतं. पण त्यांच्या हातांकडे माझं लक्ष त्या दिवशी गेलं. हातमोजा एका हातात होता, दुसऱ्यात नव्हता.

लेकीशी बोलले तर ती चिडली. "मग काय करू? लंगोट धुवायला बाई ठेवू? म्हणजे तिचे हात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडजोड अशी झाली, की दिवसा मी असेपर्यंत लंगोट, रात्री डायपर. यंत्र धुतं, मी वाळत घालते. ट्रंकेतून आजीच्या लुगड्याचे नऊ लंगोट निघाले, इतके विरलेले की दोनच टिकले. नात पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर मोकळी झाली, आणि साडीतून तो ऊबदार ओलावा आत पोचला. पंचवीस वर्षांनी. लेक टॉवेल घेऊन धावत आली, मी म्हटलं, राहू दे जरा.

रात्रीचे डायपर सकाळी मी बांधते. परवा लाल पेन सापडेना. ताईंची शिट्टी जिन्याखाली वाजली तेव्हा लेकीच्या टेबलावरची नेलपॉलिश उचलली, कागदाच्या पुडीवर एक टपोरा ठिपका दिला आणि तो वाळावा म्हणून पुडी हातात धरून फुंकर घालत दारात उभी राहिले.