लेकीची बंदूक साफ करताना

तुमच्या घरी प्रेशर कुकर असेलच. त्याच्या शिट्टीचं भोक तुम्ही अधूनमधून उजेडात धरून बघता, रिंग कडक झाली की नवी आणता. कारण आत दाब कोंडतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. याच कारणासाठी गेली तीन वर्षं मी माझ्या लेकीसोबत तिची बंदूक उघडून बसते.

दचकू नका. आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतो. इथे बऱ्याच शाळांचे ट्रॅप शूटिंगचे संघ आहेत. यंत्रातून हवेत उडालेली, तळहाताएवढी ठिसूळ केशरी चकती छऱ्यांनी फोडायची. एका फेरीत अशा २५ चकत्या. सराव शाळेत नाही, क्लबच्या रेंजवर होतो आणि बंदूक-सुरक्षेचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय मुलांना संघात घेत नाहीत.

हे ऐकल्यावर सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘‘अगं, पोरीच्या हातात बंदूक कशाला? बॅडमिंटनची रॅकेट दे की!’’ त्यांची भीती मला परकी नव्हती. २०२० साली अमेरिकेत १ ते १९ वर्षं वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीने वाहन अपघातांनाही मागे टाकलं. त्यात खून आले, अपघात आले आणि मुलांनी स्वतःचा घेतलेला जीवही आला. म्हणून मी होकार दिला तो अटींवर. बंदूक लोखंडी कपाटात कुलूपबंद राहील, किल्ली आम्हा दोघांकडे. काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि साफसफाई माझ्यासमोरच.

तिची बंदूक म्हणजे जुनी रेमिंग्टन ११००. हे मॉडेल १९६३ साली बाजारात आलं. ही गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन. गॅस म्हणजे सिलिंडरचा नव्हे हं! काडतूस उडालं की जळलेल्या दारूचा वायू छऱ्यांना नळीतून पुढे ढकलतो. त्यातला थोडा वायू नळीच्या बारीक भोकांतून खाली उतरतो आणि पिस्टनला मागे रेटतो. त्या रेट्याने बोल्ट मागे सरकतो आणि रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. या सगळ्यात धक्का थोडा विभागला जातो, त्यामुळे खांद्याला कमी बसतो. किरकोळ अंगाच्या मुलांना ही बंदूक मानवते ती यामुळेच.

पण तोच वायू काजळीही आत आणतो. ती भोकांत, पिस्टनवर आणि मॅगझीनच्या नळीवर बसते. मग पिस्टन आळसावतो आणि रिकामं काडतूस अर्ध्यातच अडकतं. खरा धोका इथे असतो. बंदूक अडकली की माणूस गोंधळतो, ‘काय झालं बघू’ म्हणून वळतो आणि नळीचं तोंड शेजारच्याकडे फिरतं. म्हणजे साफसफाई चकाकीसाठी नसते, ती शेजारी उभ्या असलेल्या मुलासाठी असते.

आमचा क्रम ठरलेला आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत. बोल्ट मागे ओढून उघडा ठेवायचा. काडतुसाची जागा आणि मॅगझीन आधी डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं. आधी ती, मग मी. ‘मघाशी बघितलं होतं’ हे उत्तर चालत नाही. मग डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि खिडकी उघडी.

पुढची टोपी फिरवून लाकडी मूठ आणि नळी वेगळी होते. आतल्या रिंगा आणि पिस्टन कुठल्या क्रमाने निघाले, त्याचा ती फोनवर फोटो काढते. नळी नेहमी काडतुसाच्या बाजूने साफ करायची. आधी सॉल्व्हंट लावलेला पितळी ब्रश, मग कापडाचे तुकडे, शेवटचा तुकडा पांढरा निघेपर्यंत. बारीक भोकांसाठी पाइप क्लीनर. रबरी रिंगेला चीर दिसली तर ती बदलायची. तेल मात्र अगदी थेंबभर आणि पिस्टनच्या भागात जवळजवळ नाहीच, कारण तेल आणि काजळी मिळून चिकट लगदा होतो. चापाच्या आतली जुळणी आम्ही उघडत नाही, ते काम कारागिराचं. प्रत्येक बंदुकीची रचना वेगळी असते, म्हणून कंपनीची पुस्तिका शेजारी उघडीच असते.

आईच्या नजरेला पडलेली आणखी एक गोष्ट. या काजळीत शिसं असतं. म्हणून हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर कधीच नाही. जवळ चहा-बिस्किटंही नाहीत. उठल्यावर साबणाने हात धुवायचे आणि कपडे वेगळे टाकायचे. घरात तान्हं मूल असेल तर दुप्पट काळजी.

रेंजवरचे दोन नियम तिला पाठ आहेत. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी समोरच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर बंदूक रिकामी करून नळीत काही अडकलंय का ते बघितल्याशिवाय पुढचा बार नाही.

या तासाभरात आमच्या गप्पाही होतात. हात कामात असले की मुलं बोलतात. परीक्षेची धास्ती, मैत्रिणीशी झालेला अबोला, सगळं याच टेबलावर माझ्या कानी आलं. आमच्यात एक करारही आहे. घरात कुणाचंही मन फार खचलेलं असेल, तर बंदूक काही दिवस घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवायची. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. मागच्या हिवाळ्यात तिनेच एकदा सांगितलं, ‘‘आई, सध्या नको घरात.’’ त्याच संध्याकाळी बंदूक गेली. त्या रात्री मी तिच्याच खोलीत झोपले. पुढचे काही आठवडे आम्ही समुपदेशकाकडे जात होतो. वसंतात ती स्वतःहून म्हणाली, ‘‘आता आणूया.’’

खंडेनवमीला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. ‘‘शस्त्रपूजा केलीत का गं?’’ लेकीने विळी, पाना, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडले होते, झेंडूची फुलं वाहिली होती. बंदूक कपाटातून काढली नव्हती. तिने कपाटाच्या कुलपाला हळद-कुंकू लावलं आणि फोन आजीसमोर धरला.