वडीला पाणी चालत नाही

आमच्या कोल्हापूरच्या घरात मे महिन्याच्या सुट्टीत एकदा तरी बिस्किटांचा रोल व्हायचाच. मारी बिस्किटं खलबत्त्यात कुटायची, त्यात कोको, पिठीसाखर आणि दूध घालून कणकेसारखा गोळा मळायचा. तो प्लॅस्टिकच्या कागदावर लाटायचा, वर सुक्या खोबऱ्याचं, लोण्याचं आणि साखरेचं पांढरं सारण पसरायचं आणि सुरळीच्या वडीसारखी घट्ट गुंडाळी करून फ्रीजमध्ये ठेवायची. ओव्हन नाही, अंडं नाही, त्यामुळे आजीचीही हरकत नसे. कापल्यावर काळ्या-पांढऱ्या चकत्या इतक्या देखण्या दिसायच्या की पहिल्या दिवशीच निम्मा रोल संपायचा. उरलेला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणी हातात घेत नसे. लिबलिबीत व्हायचा. यात बिस्किट आहे हे सांगावं लागायचं.

“आई, बिस्किटं मऊ का पडतात गं?” असं मी एकदा विचारलं होतं. “दूध घातलंय म्हटल्यावर भिजणारच की!” असं म्हणून तिनं विषय संपवला. पुढे मी अन्नतंत्रज्ञानात पदवी घेतली, चॉकलेटच्या कारखान्यात काही वर्षं नोकरी केली आणि आता पुण्यात घरच्या घरी क्लास घेते. माझ्या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम आईच्या त्या एका वाक्यात होता, हे कळायला मला बराच काळ लागला.

ज्या पदार्थाबद्दल मी लिहिणार आहे त्याला ब्रिटनमध्ये कोणी फ्रिज केक म्हणतं, कोणी चॉकलेट बिस्किट केक, आणि स्कॉटलंडमध्ये म्हणतात टिफिन. होय, आपल्या डब्याचंच नाव. अधूनमधून घोटभर पिण्याला जुन्या इंग्रजी बोलीत टिफिंग म्हणत. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी त्यावरून दुपारच्या हलक्या खाण्याला टिफिन केलं, असं मानतात. आपण त्या खाण्याचा डबा केला आणि त्यांनी तिकडे त्याची वडी केली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्रून गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही वडी पहिल्यांदा झाली असं सांगतात. लोणी, साखर, घट्ट पाक आणि कोको एकत्र वितळवायचे, त्यात बिस्किटांचे तुकडे आणि बेदाणे घालायचे, ट्रेमध्ये थापायचं आणि वरून चॉकलेट ओतायचं. भट्टी पेटवायचीच नाही. हा साधा पदार्थ राजवाड्यातही पोचला. २०११ साली राजपुत्र विल्यमच्या लग्नात मोठ्या केकच्या जोडीनं त्याच्या आवडीचा चॉकलेट बिस्किट केक होता. मॅक्विटीज कंपनीनं तो केला आणि त्यात १७०० रिच टी बिस्किटं आणि १७ किलो चॉकलेट गेलं, असं तेव्हा छापून आलं होतं. रिच टी म्हणजे आपल्या मारीची चुलत बहीण. आपली मारीसुद्धा मूळची लंडनचीच. रशियाच्या राजकन्येचं, मारियाचं, इंग्लंडच्या राजपुत्राशी लग्न झालं तेव्हा, १८७४ साली, पीक फ्रीन कंपनीनं तिच्या नावानं ती काढली.

माझ्याकडे येणाऱ्या बायका सगळ्यात आधी विचारतात, “मॅडम, ओव्हन नाही, चालेल ना?” चालेल. ओव्हन नसण्यानं या पदार्थाचं काहीच अडत नाही. अडतं ते पाण्यानं. आईच्या रोलमध्ये आणि स्कॉटिश टिफिनमध्ये साहित्य जवळपास तेच, पण पहिल्यात दूध आहे आणि दुसऱ्यात फक्त स्निग्ध पदार्थ. बिस्किट भट्टीतून निघतं तेव्हा त्यात अगदी थोडा ओलावा उरलेला असतो आणि मिळेल तिथून पाणी ओढून घ्यायला ते टपलेलं असतं. पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट न लावलेली बिस्किटं सादळतात ती यामुळेच. लोण्याच्या, चॉकलेटच्या वेष्टनात गेलेल्या बिस्किटापर्यंत मात्र हवेतला दमटपणा सहजासहजी पोचत नाही. म्हणून ते आठवडाभरानंतरही कुरकुरीत राहतं. दिवाळीचे बेसनाचे लाडू पंधरा दिवस टिकतात आणि ओल्या नारळाचे चारच दिवस, तोही हाच हिशोब. साजूक तुपात भाजलेल्या बेसनात पिठीसाखर घालताना कोणी पाण्याचा हात लावत नाही. चॉकलेटच्या वडीला तीच शिस्त लावायची आहे.

वितळलेलं चॉकलेट दिसायला पातळ असलं तरी त्यात पाणी जवळजवळ नसतं. साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण कोकोच्या लोण्यात, म्हणजे कोको बटरमध्ये, तरंगत असतात. त्यात पाण्याचे चार थेंब पडले तर साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. साखरेच्या डब्यात ओला चमचा घातल्यावर जे होतं तेच, फक्त क्षणार्धात. हे पुस्तकात पाठ केलेलं असूनही माझ्या पहिल्याच क्लासमध्ये माझी फजिती झाली. बारा बायका, समोर गॅसवर उकळत्या पाण्याचं पातेलं, त्यावर चॉकलेटचं पातेलं. बोलण्याच्या नादात मी वरच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी झाकण उचललं तर त्याच्या आतल्या बाजूला जमलेली वाफ धारेनं चॉकलेटमध्ये. ढवळलं तर दीड किलो चॉकलेटचा भाकरीच्या पिठासारखा कोरडा, खरखरीत गोळा. मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, “पिठलं फुटलं की मी गरम पाणी घालते बाई.” त्यांना वाटलं आपण गंमत करतोय, पण उपाय तोच आहे. थोड्या पाण्यानं आवळलेलं चॉकलेट आणखी गरम पाणी किंवा दूध घातलं की पुन्हा सैल होतं. मग ते वडीवर ओतायच्या लायकीचं राहत नाही, सॉस होतो. त्या दिवशी बाराजणींनी वडीऐवजी आइस्क्रीमवर चॉकलेट सॉस खाल्ला आणि फी परत मागितली नाही.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: खालचं पाणी उकळायचं नाही, फक्त वाफाळलेलं हवं, आणि पाणी वरच्या भांड्याच्या बुडाला टेकता कामा नये. झाकण नाही. उलथनं, सुरी, भांडं, सगळं पुसून कोरडं. लाकडी चमचा तर नकोच, तो धुतल्यानंतर तासभर ओलाच असतो. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर तीस-तीस सेकंद आणि दर वेळी ढवळणं. दुधाचं चॉकलेट पन्नास अंशांच्या वर तापलं की दाणेदार होतं, त्यामुळे घाई नाही.

आता प्रमाण. आठ इंची चौकोनी ट्रेसाठी मारी बिस्किटं २५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२५ ग्रॅम, कोको पावडर चार मोठे चमचे, साखर दोन मोठे चमचे, बेदाणे ८० ग्रॅम आणि वरच्या थरासाठी चॉकलेट २०० ग्रॅम. तिकडे ब्रिटनमध्ये घट्ट पाक म्हणून यात गोल्डन सिरप घालतात. आपल्याकडे ते महाग आणि शोधावं लागतं. बरेच जण मध घालतात. मी काकवी घालते, तीन मोठे चमचे. कोल्हापूरची म्हणून नव्हे (थोडं तेही आहेच). उसाचा रस आटताना गूळ व्हायच्या थोडं आधी उतरवलेली ही काकवी कोकोच्या कडवटपणाला जी खोली देते ती गोल्डन सिरपला जमत नाही. तिकडून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीनंही हे मान्य केलंय.

पण काकवी पातळ असते, म्हणजे तिच्यात पाणी आहे. बटरमध्येही आहे. शंभर ग्रॅम बटरमध्ये सोळा ग्रॅमपर्यंत, म्हणजे तीन छोटे चमचे पाणी असू शकतं. हे पाणी घालवायचं कसं, हे आपल्या घराघरात माहीत आहे. लोणी कढवताना आपण कान देऊन उभे असतो. आधी मोठे बुडबुडे आणि चडचड, मग आवाज उतरतो, बुडबुडे बारीक होतात. बटर, साखर आणि काकवी एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि तसाच कान द्या. आवाज उतरायला लागला, मिश्रण चमच्यावरून रेंगाळत पडायला लागलं की गॅस बंद. एक-दोन मिनिटांचं काम आहे. त्यापुढे गेलात तर टॉफी होईल आणि वडी दातांना चिकटेल. गॅस बंद केल्यावरच कोको घालायचा, नाहीतर तळाला लागून जळका वास येतो.

बिस्किटं हातानं मोडा. मिक्सरमध्ये घातलीत तर भुकटी होईल, सगळं बटर शोषून घेईल आणि कापताना वडीचा भुगा पडेल. अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे, मधल्या फटी भरायला थोडासाच चुरा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या मैत्रिणींनी पुडा फोडल्यावर एक बिस्किट मोडून आवाज ऐकावा. कट् असा वाजला नाही तर तवा मंद तापवून बिस्किटं पाच-सात मिनिटं परतावीत आणि पूर्ण गार करून घ्यावीत. बेदाण्यांचं आमच्याकडे घरोघरी एकच चुकतं, ते म्हणजे ऐन वेळी धुणं. तासगावचे उत्तम बेदाणे आणा, धुवायचे असतील तर आदल्या दिवशी धुऊन पंख्याखाली रात्रभर पसरा.

बिस्किटं आणि बेदाणे कोकोच्या मिश्रणात नीट कालवा. ट्रेला बटर पेपर लावून ते ओता आणि वाटीच्या बुडाला तूप लावून थापा, नारळाच्या वड्या थापतो तसं, फक्त अधिक जोरात. कोपरे विसरू नका. सैल थापलेली वडी कापताना कोपऱ्यातच दगा देते.

वरचं चॉकलेट कोणतं, यावर माझं मत थोडं कडक आहे. केकच्या सामानाच्या दुकानात स्वस्त पाट्या मिळतात त्यांना कंपाउंड म्हणतात. त्यात कोकोचं लोणी नसतं, त्याऐवजी घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. मागची बारीक अक्षरं वाचा, कळेल. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, आपलं तोंड ३७ अंशांवर, म्हणून चांगलं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळतं. कंपाउंडचं तेल त्याहून उशिरा वितळतं आणि टाळूला चिकटून बसतं. डालड्यातल्या करंज्या खाल्लेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. कंपाउंडचा फायदा एवढाच की ते कसंही वितळवा, कसंही गार करा, चकाकतं.

खऱ्या चॉकलेटचे नखरे असतात. कोकोचं लोणी सहा प्रकारच्या स्फटिकांत थिजू शकतं आणि त्यातला पाचवाच आपल्याला हवा असतो. तोच चकाकतो आणि तुटताना टचकन वाजतो. नुसतं वितळवून फ्रीजमध्ये ढकललं तर घाईघाईत आधीचे, कच्चे स्फटिक तयार होतात. मग थर मऊ, निस्तेज आणि चार दिवसांत राखाडी. घरगुती तोडगा विरजणाचा आहे. एक तृतीयांश चॉकलेट बारीक चिरून बाजूला ठेवा. बाकीचं वितळवून भांडं उतरवा आणि चिरलेलं त्यात घालून ढवळत राहा. त्या तुकड्यांत पाचवे स्फटिक आयते असतात, ते बाकीच्यांना वळण लावतात. थेंब खालच्या ओठाखाली लावून बघा, गार लागला की ओता. ओतण्याआधी चमचाभर साजूक तूप घातलंत तर थर जरा नरम राहतो आणि सुरीखाली तडकत नाही. कारखान्यात माझ्या साहेबांना हे आवडलं नसतं.

थर अर्धवट थिजला की सुरीनं चौकोन आखून ठेवा आणि पूर्ण थिजल्यावर त्याच रेघांवर कापा. सुरी गरम पाण्यात बुडवून घेतलीत तर पुसायला विसरू नका.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मुंबईच्या एका बाईंना मी वड्यांचे वीस डबे दिले. चौथ्या दिवशी फोन आला. “ताई, बुरशी आली हो सगळ्यावर!” फोटो पाठवला तर पृष्ठभागावर पांढरे डाग. मी म्हटलं, बोट फिरवून बघा. तुपकट लागलं आणि बोटाच्या उबेनं डाग गेला तर कोकोचं लोणी वर आलंय. खरखरीत लागलं आणि तसंच राहिलं तर साखर. त्यांचं खरखरीत लागलं. डबे फ्रीजमध्ये होते, दर वेळी उघडून, पाहुण्यांपुढे ठेवून परत आत. मुंबईच्या हवेत फ्रीजमधली गार वडी बाहेर येताच तिच्यावर दव धरतं, त्यात साखर विरघळते, पाणी उडालं की साखर पांढरी होऊन मागे राहते. खायला काहीच धोका नाही. पण बाईंना ते पटलं नाही आणि पैसे मी परत दिले, कारण डब्यावर सूचना लिहिली नव्हती हे खरंच होतं. आता प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: फ्रीजमधून काढल्यावर झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नये.

गेल्या दिवाळीत आईसाठी डबा घेऊन गेले होते. दात तिचे आता थोडेच शिल्लक आहेत, त्यामुळे मी लहानसा तुकडा दिला. तिनं तो डोळे मिटून हळूहळू चावला. “आठवडा झाला म्हणतीस करून? बिस्किट अजून वाजतंय की.” मग दुसरा तुकडा उचलत म्हणाली, “साखर जास्त झालीय पण. पुढच्या वेळी एकच चमचा घाल.”